स्टॅम्प पॅडची शाई

बहरीनच्या अदलिया भागातल्या ऑफिसात आज नवं स्टॅम्प पॅड उघडलं आणि त्या वासाने वीस वर्षांपूर्वीची दुपार समोर आली. सकाळीच मोबाईलवर जुने साहेब गेल्याची बातमी वाचली होती. ते कॅनडाचे वकील. इथून परत गेले, तिथल्या प्रांताच्या विधानसभेत निवडून आले, मंत्री झाले. बहरीनमधल्या मजुरांसाठी झटले म्हणे!

त्या दुपारी महाडचे सखारामकाका माझ्यासमोर बसले होते. सलमाबादच्या वर्कशॉपमध्ये क्रेनखाली सापडून त्यांचा धाकटा भाऊ गेला होता. साहेब त्या वर्कशॉपच्या कंपनीचे वकील, मी त्यांचा टायपिस्ट. कागद इंग्रजीत होता.

"काय लिवलंय रे?" काकांनी विचारलं.

"बॉडी गावी न्यायची परवानगी," मी म्हणालो. ते खरंच होतं. पण खाली, चूक भावाचीच होती, असंही मीच टाईप केलं होतं. साहेब घड्याळ बघत होते. तेव्हा वाटलं, निदान माणूस लवकर घरी पोचेल.

"तू आपल्याकडचा. तू वाचलंस, म्हंजे झालं," म्हणत काकांनी अंगठा उमटवला. शाई पुसायला मी रुमाल पुढे केला.

"नको," ते म्हणाले, "तुझा रुमाल खराब होईल."