साक्षीचं बटण

निकिता काळबांडे जिना चढायला लागली की साक्षी अंभोरे मान खाली घालून कीबोर्ड बडवायची. काम असो वा नसो. वाशीमला पाटणी चौकाजवळ, एका कृषी केंद्राच्या वरच्या दोन खोल्यांत उदयसिंग सरांचं ऑफिस होतं. तिथं मोबाइलची ॲप बनायची. खालून दिवसभर फवारणीच्या औषधांचा वास वर यायचा, आणि त्या वासातूनही निकिताचं सेंट साक्षीला बरोबर ओळखू यायचं. याला मत्सर म्हणतात. दुसरं गोड नाव शोधायची गरज नाही.

साक्षी रिठदची. वडील पंजाबराव, शेती बेताची आणि बोलणं बेसुमार. आई लिलाबाई मात्र दिवसातून मोजकं बोलायची, पण बोलली की घर हलायचं. घरात बाबासाहेबांच्या तसबिरीखाली एक टेबल होतं, ते थोरल्या भावाच्या अभ्यासाचं. साक्षीनं बारावीत असताना संघदीपदादाला पलंगावर बसवलं आणि टेबल बळकावलं, तेव्हा लिलाबाई म्हणाली, "जिचा अभ्यास, तिचं टेबल." विषय संपला. बीसीए तिनं वाशीमला रोज एसटीनं जाऊन-येऊन केलं. ॲप बनवणं कॉलेजात कोणी शिकवलं नाही. ते ती फोनवर व्हिडिओ बघत, थांबवत, मागे नेत, चुकत शिकली. सरांकडे लागली तेव्हा ऑफिसात एक पंखा होता आणि ती. नंतर बाकीचे आले.

पोहरादेवीच्या रामनवमी यात्रेचं ॲप तिनंच उभं केलं. यात्रेला बंजाऱ्यांचे तांडेच्या तांडे येतात. उतरायला मंडप असतात, पण कुठल्या मंडपात जागा आहे हे कळायला उन्हात सगळी पायपीट करावी लागते. साक्षीचं ॲप साधं होतं. प्रत्येक मंडपावरच्या स्वयंसेवकानं आपल्या फोनवर मोकळ्या जागांचा आकडा टाकायचा, खालचं 'नक्की करा' हे बटण दाबायचं, आणि मग तो आकडा भाविकांच्या फोनवर दिसायचा. 'माहिती' नावाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं: निर्मिती, साक्षी पंजाबराव अंभोरे, रिठद. ते पान पंजाबरावांनी बसस्टँडावर, पारावर, सलूनमध्ये इतक्या जणांना दाखवलं होतं की ॲप कशाचं आहे हे गावात थोड्यांनाच ठाऊक होतं, पण ते कोणाचं आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि मग पुण्याहून कोर्स करून निकिता आली.

निकिताचे वडील जगदेव काळबांडे तिला स्वतः गाडीनं सोडायला यायचे. तिच्या लॅपटॉपची बॅटरी दिवसभर टिकायची; साक्षीचा लॅपटॉप वायर ओढली की मरायचा. सरांशी ती पुण्याची मराठी बोलायची आणि घरी फोनवर वऱ्हाडी, आणि दोन्ही तिला शोभायच्या, हाच तर वैताग. वर ती साक्षीला 'साक्षीताई' म्हणायची. तीन-चार वर्षांनी मोठं असणं म्हणजे काय आजीबाई होणं असतं?

आल्यावर थोड्याच दिवसांत निकितानं साक्षीचं कोड उघडून बघितलं.

"साक्षीताई, आकडा बदलला की प्रत्येक वेळी तू स्वतः स्क्रीनवर नेऊन लिहितेस? प्रत्येक ठिकाणी?"

"मंग? तो काय सोता चालत जाईन?"

"जातो ना. बाइंडिंग करायचं."

आणि तिनं करून दाखवलं. ॲपच्या पोटात खरा आकडा एका जागी असतो, त्याला मॉडेल म्हणतात. स्क्रीनवरची चौकट म्हणजे त्याचं नुसतं तोंड. साक्षी आजवर पोटातला आकडा उचलून हातानं तोंडापर्यंत नेत होती, पन्नास ठिकाणी पन्नास वेळा, आणि एखादं ठिकाण राहिलं की तिथं शिळा आकडा दिसायचा. निकितानं दोघांना एकदाच बांधून टाकलं. पोटात बदल झाला की तोंडावर आपोआप दिसणार. आणि स्वयंसेवकाच्या फोनवर तर दोन्ही बाजूंनी बांधलं. चौकटीत लिहिलं की पोटातलाही आकडा त्याच क्षणी बदलणार. मधलं बटण तिनं काढून टाकलं.

सरांसमोर तिनं दोन फोन टेबलावर ठेवले. एकावर खटाखट आकडा टाकला, दुसऱ्यावर डोळ्याचं पातं लवायच्या आत उमटला. उदयसिंग सर खुर्चीतून उठले.

"वा! यात्रेचं काम आता निकिताच पाहीन. साक्षी, तू तिले मदत कर."

"सर, बटन राहू द्या," साक्षी म्हणाली.

"कशाला?" निकितानं खरंच कुतूहलानं विचारलं. "लोकांचं एक काम कमीच होतं की."

बटण कशाला ते साक्षीला नेमकं ठाऊक होतं. तिचे बाबा एका बोटानं टाइप करतात, आणि अर्ध्यात कोणी 'काय पंजाबराव' म्हटलं की फोन तसाच ठेवून उठून जातात. त्यांच्याकडे बघूनच तिनं ते ठेवलं होतं. पण पुण्याच्या कोर्सपुढे रिठदच्या बापाचं बोट कसं ठेवायचं? ती गप्प बसली. सर म्हणाले, "जुनं सोड आता," आणि तिच्या छातीत जे पेटलं ते यात्रेपर्यंत विझलं नाही.

त्या दिवसापासून तिनं 'माहिती'चं पान उघडलं नाही. तिथं आता कोणाचं नाव असणार हे काय उघडून बघायचं? बाबांनी मात्र दोनदा विचारलं, "यात्रेत आपलंच ॲप चालनार ना व?" ती "हो" म्हणाली आणि पुढचं गिळलं.

खरं म्हणजे तीच बांधली गेली होती. निकिता हसली की साक्षीचं तोंड उतरायचं, निकिताचं काही बिघडलं की साक्षीला चहा गोड लागायचा. आणि निकिताला याचा पत्ताच नव्हता. एकाच बाजूनं बांधलेली गाठ होती ती.

रामनवमीला सर आणि निकिता मुख्य मंडपात बसले, यात्रा समितीच्या लोकांबरोबर, मोठ्या स्क्रीनजवळ, कूलरपुढे. साक्षीला पाठवलं दिग्रसकडच्या रस्त्यावरच्या शेवटच्या मंडपात, हेमलाकाकांच्या मदतीला. हिरव्या जाळीचं छत, पाण्याचे ड्रम, आणि डोळे दिपवणारं ऊन. हेमलाकाका शेजारच्याच तांड्यातले, पांढरा फेटा, कडक इस्त्रीचा सदरा. फोन दोन्ही हातांत धरायचे, आरतीचं ताट धरावं तसा.

सकाळी मंडपात वर्दळ होती. मग ती ओसरली आणि नवीन कोणी येईना. रस्त्यानं माणसं जात होती, मंडपाकडे बघत होती, फोनकडे बघत होती आणि पुढे चालू लागत होती. साक्षीनं आपला फोन काढला. स्क्रीनवर लाल अक्षरं: हेमला यांचा मंडप, भरला आहे.

तिनं वळून बघितलं. अर्ध्याहून जास्त मंडप मोकळा. काका सतरंज्यांमधून बोट नाचवत जागा मोजत हिंडत होते आणि त्यांचा फोन खुर्चीवर होता. चौकट रिकामी.

तिला क्षणात कळलं. काका आधी जुना आकडा पुसत होते, मग मोजायला जात होते, वाटेत कोणाला पाणी देत होते, कोणाशी बोलत होते, आणि मग येऊन नवा आकडा टाकत होते. निकिताच्या बाइंडिंगनं रिकामी चौकट म्हणजे शून्य धरलं. शून्य म्हणजे भरला. ते शून्य त्याच क्षणी सगळ्या यात्रेच्या फोनवर जात होतं. काका मोजून येऊन आकडा लिहीपर्यंत अख्खा तांडा पुढे निघून गेलेला असायचा.

साक्षीला काय वाटलं? आनंद झाला. चांगला भरपूर. दोन फोन टेबलावर ठेवणारी ती बाई आता समितीसमोर तोंडावर पडणार, कूलरपुढे बसून. सांगायला फक्त एक फोन करायचा होता. तिनं फोन पर्समध्ये टाकला, ड्रममधून गार पाणी घेतलं आणि सावलीत बसून ते हळूहळू प्यायली.

पाणी संपत आलं तेव्हा एक बाई मंडपात शिरल्या. डोक्यावर गाठोडं, मागे सून, आणि तिच्यामागे घामानं निथळणारी माणसं. बाईंनी गाठोडं धाडकन टाकलं.

"हेमला! काय रे हे? फोन म्हन्ते भरेल हाय, आन इथं तं कुत्रं बी लोळून जाईन इतकी जागा हाय! आमी त्या पल्याडच्या मंडपात चेंगरून आलो."

"राम राम, गोमतीबाई," काका गडबडले. "मी तं मोजूनच राह्यलो..."

"तुले नाई म्हनत. हे ज्यानं बनवलं ना, त्याले म्हन्तो मी. पाय व," त्या सुनेकडे वळल्या, "कोनं बनवलं? नाव असन कुठंतरी."

सुनेनं बोट फिरवलं, शेवटचं पान उघडलं आणि मोठ्यानं वाचलं, "निर्मिती, साक्षी पंजाबराव अंभोरे, रिठद."

साक्षीच्या हातातला पेला तसाच राहिला. तिचं नाव? अजून?

"रिठदची हाय म्हन्ते सटवी!" गोमतीबाईंनी कमरेवर हात ठेवले. "तिले म्हना, हे गाठोडं घेऊन चाल या उन्हात, मंग फोन बनव."

साक्षीनं गळ्यातलं ओळखपत्र हळूच ओढणीखाली सरकवलं. पण हेमलाकाका साधे माणूस.

"अव, हेच तं साक्षी! हे बसली ना. लय चांगली पोरगी हाय."

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. गोमतीबाईंनी तर असं बघितलं की साक्षीनं उठून आधी पाणी भरून त्यांच्या हातात दिलं आणि मगच निकिताला फोन लावला.

"तुह्या बाइंडिंगचे दिवे लागले इथं. ये आन पाय."

"काय झालं साक्षीताई?"

"आधी हे सांग, माहितीच्या पानावर माहं नाव कसं काय?"

"तुझंच तर ॲप आहे. मी फक्त आतलं बदललं. नाव कशाला बदलू?"

ती वाईट असती तरी चाललं असतं. चांगल्या माणसाचा मत्सर करणं फार कष्टाचं काम आहे.

निकिता सरांची स्कूटर घेऊन आली, तोंड लाल, केस विस्कटलेले. तेवढंच साक्षीला जरा बरं वाटलं. साक्षीनं तिला रिकामी चौकट दाखवली. निकितानं कपाळावर हात मारला आणि काकांजवळ उकिडवी बसली.

"काका, आधी मोजून घ्या ना, मग पुसा."

"का बरं?"

"तोवर जुना आकडा दिसू द्या."

"तो तं खोटा झाला ना आता!" काकांना रागच आला. "देवीच्या दारात बसून मी मोजून येईपर्यंत खोटं बोलू काय?"

"पण काका, पुसलं की शून्य जातं हो."

"मी कुठं शून्य लिवलं? मी तं काईच नाई लिवलं!"

निकिता उठली. तिची पुण्याची मराठी कुठल्या कुठे गेली. "बापा! हे तं माह्या डोक्यातच नाई आलं. साक्षीताई, तुह्या जुन्या कोडात बटन होतं ना? ते कोनासाठी होतं?"

"आमच्या बाबासाठी."

"मंग तवाच सांगायचं ना!"

"सरांनं बोलू देलं काय?"

"मी तं इचारलं होतं, कायले म्हनून. तूच गप बसली."

निकितानं लॅपटॉप उघडला, क्षणभर थांबली आणि तो साक्षीच्या मांडीवर सरकवला. "तूच कर. तुले माहीत हाय हेमलाकाका कसे लिवतात ते."

साक्षीनं केलं. बाइंडिंग मोडलं नाही. तेवढी ती वेडी नव्हती. पन्नास ठिकाणी आकडे वाहून नेण्याचे दिवस तिलाही परत नको होते. भाविकांच्या फोनवर निकिताची एकतर्फी गाठ तशीच ठेवली. काकांच्या चौकटीला मात्र खऱ्या आकड्याऐवजी एका कच्च्या आकड्याशी बांधलं. तो कच्चा आकडा कितीही पुसा, कितीही वेळ गप्पा मारा, 'नक्की करा' दाबल्याशिवाय तो बाहेर जाणार नाही. आणि रिकामं ते रिकामं. त्याला शून्य म्हणायचं नाही. कुठं अडलं तर निकिता खांद्यावरून बोट दाखवत होती. तिचं बोट प्रत्येक वेळी बरोबर ठिकाणी जात होतं, हेही साक्षीच्या नजरेतून सुटलं नाही.

काकांच्या फोनवर नवीन ॲप चढवलं आणि मघाशी मोजलेला आकडा टाकला. काकांनी चौकट पुसली आणि ते मोजायला निघाले. वाटेत गोमतीबाईंच्या सुनेला सतरंजी आणून दिली, कोणाला तरी रस्ता सांगितला. साक्षी आणि निकिता आपापल्या फोनकडे बघत उभ्या. आकडा जुनाच, जागा आहे असाच. काका परतले, एका बोटानं लिहिलं, बटण दाबलं. दोघींच्या फोनवर नवा आकडा एकदमच आला.

"दिसला!" काका म्हणाले, जणू त्यांनीच चंद्र उगवायला लावला होता.

निकिता बाकीच्या मंडपांतल्या फोनवरही नवीन ॲप चढवायला स्कूटरवरून निघणार, तेवढ्यात साक्षी म्हणाली, "थांब. एक राह्यलं."

तिनं 'माहिती'चं पान उघडलं आणि आपल्या नावाखाली लिहिलं: निकिता जगदेव काळबांडे.

निकिताचे डोळे मोठे झाले. "कायले व?"

"पुढच्या डावी शिव्या अर्ध्या तुले," साक्षी म्हणाली. "या बाईनं मले सटवी म्हनलं."

निकिता इतकी हसली की गोमतीबाईंनी वळून बघितलं. हसताना तिच्या गालाला खळी पडायची. ती खळी साक्षीनं यापूर्वीही बघितली होती आणि ती तिला आजही आवडली नाही.

ऊन उतरल्यावर पंजाबरावांचा फोन आला. संघदीपनं त्यांना ॲप नवीन करून दिलं होतं आणि ते पारावरूनच बोलत होते, मागे माणसांचा गलका.

"साक्षी, तुहं नाव हाय बरं वर! सगळ्याईनं पायलं. पन खाली हे दुसरं कोनाचं नाव आलं व?"

साक्षीनं रस्त्याकडे बघितलं. निकिता स्कूटरवरून परत येत होती, धुळीनं माखलेली, आणि तरीही चांगली दिसत होती.

"हाय एक," ती म्हणाली.