विसाव्या वर्षीचा बाप

वसंतराव बाप झाले तेव्हा त्यांना धड मिशाही फुटल्या नव्हत्या. खरं म्हणजे तेव्हा ते वसंतरावही नव्हते. तांडापेठेतल्या बाबनराव विणकरांचा थोरला वसंता होते. लग्न एकोणिसाव्या वर्षी उरकलं, तेही आत्याच्या मुलीसाठी मांडव पडलाच आहे तर त्यात आणखी एक कार्य होऊन जाईल म्हणून. त्याला कोणी विचारलं नाही, आणि आपल्याला विचारायला हवं होतं असं त्यालाही वाटलं नाही. वर्षभराने उत्तरा बाळंतपणाला खाप्याला माहेरी गेली आणि मुलगा झाल्याचा निरोप आला. त्या वेळी वसंता गल्लीत क्रिकेट खेळत होता. शेजारच्या काकूंनी ओट्यावरूनच सांगितलं, "अरे वसंता, बाप झाला गा तू." पोरं खो खो हसली. वसंताने बॅट तिथेच टाकली आणि घरी जायचं सोडून गोळीबार चौकाकडे धूम ठोकली. आनंद झाला नव्हता असं मुळीच नाही. तो आनंद तोंडावर घेऊन बाबनरावांसमोर उभं कसं राहायचं, एवढंच त्याला समजत नव्हतं.

त्या घरांमध्ये एक कायदा होता. तो कोणी लिहिला नव्हता, बोलूनही दाखवत नसत, पण सगळे पाळत. थोरामोठ्यांच्या देखत आपलं पोर आपण उचलायचं नाही. बहिणीचं उचलावं, भावाचं उचलावं, शेजाऱ्याचं तर खांद्यावर घेऊन खुशाल मोहल्लाभर हिंडावं. स्वतःचं मात्र नाही. स्वतःचं पोर कुरवाळणं म्हणजे चारचौघांत बायकोशी लाडात बोलण्यासारखंच झालं. तिशीतल्या बापाला हा कायदा जरा सैल होत असे, कारण त्याची कमाई असे, घरात त्याच्या शब्दाला किंमत असे. ज्याला नवी चप्पल घ्यायची तरी बापाच्या तोंडाकडे बघावं लागतं, त्या विसाव्या वर्षीच्या बापाने कुठल्या तोंडाने पोर उचलायचं?

तीन महिन्यांनी उत्तरा बाळाला घेऊन आली. बाळाचं नाव प्रज्वल ठेवलं. पुढच्या खोलीत बाबनरावांचा माग होता, तिथेच आढ्याला झोळी टांगली. पोर रडायला लागलं की मागाची खटखट थांबे. वसंता तिथेच असला तर त्याचे हात शिवशिवत. मग तो चपला पायात सरकवून चटकन बाहेर पडे. ओट्यावर उभा राहून ऐकत राही. आत बाबनराव नातवाला उचलून घेत, पोर गप्प होई, आणि थोड्या वेळाने माग पुन्हा सुरू होई.

प्रज्वल बोलायला लागला तेव्हा बाबनरावांना 'बाबा' म्हणाला. वसंताला त्याचे दोघे धाकटे भाऊ 'भाऊ' म्हणत, म्हणून प्रज्वलही 'भाऊ' म्हणाला. घरात सगळ्यांना मोठी गंमत वाटली. वसंताही हसला. अशी हाक एकदा पडली की पडली. ती सुधारायला कोणी बसत नाही.

गंमत अशी की याच वसंताला इतवारीत लहान पोरांचा जादूगार म्हणत. तो तिथे साडीच्या दुकानात गादीवर बसे. बायका साड्या बघत आणि त्यांच्या मांडीवरची पोरं भोकाड पसरत. अशा वेळी शेठजी नुसती मान हलवत आणि वसंता पोर उचलून घेई. जरीचा काठ दिव्याखाली हलवून दाखवी, दुकानाच्या पायरीवर नेऊन रिक्षा मोजायला लावी. पोर हसू लागे आणि बाईची साडी निवडून होई. एका दिवाळीत त्याची आई रुख्माबाई प्रज्वलला घेऊन दुकानात आली. प्रज्वल तेव्हा सहा वर्षांचा होता. वसंताच्या कडेवर कोणाचं तरी गुटगुटीत पोर होतं आणि तो त्याच्या पोटात नाक घुसळत होता. प्रज्वलने ते बघितलं, आणि आजीच्या पदरामागे सरकला. वसंताने ते पोर घाईघाईने त्याच्या आईकडे दिलं, पण प्रज्वलला काही जवळ घेतलं नाही. शेठजी बघत होते, आई बघत होती. त्या दिवसाची आठवण आली की वसंतरावांना आजही जेवण जात नाही.

प्रज्वल बारावीत असताना बाबनराव गेले. तो मागावर डोकं टेकून रडला. वसंतराव दारात उभे राहून पाहत होते.

पुढे प्रज्वल शिकला, पुण्याला गेला, परत आला, मिहानमधल्या एका कंपनीत लागला आणि हुडकेश्वरला त्याने घर घेतलं. लग्नच बत्तिसाव्या वर्षी केलं. मग दोन वर्षं बायकोची, अंजूची, बँकेतली बदली आणि त्यानंतर चार वर्षं डॉक्टरांच्या पायऱ्या. नातेवाईक तोंडावर काळजी करत आणि पाठीमागे बोटं मोडत. शेवटी अडतिसाव्या वर्षी प्रज्वल बाप झाला, मुलीचा. ज्या वयात वसंतरावांचा पोरगा बारावी पास होऊन कॉलेजात जाऊ लागला होता, त्या वयात हा लंगोट बदलायला शिकत होता. आणि शिकत होता तोही सगळ्यांच्या देखत. पोरीला छातीशी बांधायची एक पिशवी त्याने आणली होती. तीत तिला घालून तो कुंड्यांना पाणी घाली, दार उघडी, भाजीवाल्याशी घासाघीस करी.

ते बघितल्यापासून वसंतरावांच्या मनात एकच गोष्ट घर करून बसली होती. प्रज्वलला एकदा सांगायचं. तुला उचलावंसं मला वाटत होतं, एवढंच. त्यापलीकडे काही मागायचं नव्हतं. दर रविवारी ते उत्तराबाईंना आणि आईला घेऊन तांडापेठेतून हुडकेश्वरला जात, आणि ते वाक्य तसंच्या तसं घेऊन संध्याकाळी परत येत.

त्या रविवारी जेवणं झाली होती. उत्तराबाई आणि अंजू आत आवराआवर करत होत्या. रुख्माबाई दिवाणावर पाय पसरून बसल्या होत्या. आता अठ्ठ्याहत्तरी उलटली तरी जीभ शाबूत होती. प्रज्वल पोरीला खांद्यावर टाकून, पाठ थोपटत, खोलीत येरझारा घालत होता.

"असा बाप पायला नाही बाप्पा मी," रुख्माबाई हसत म्हणाल्या. "नाहीतर हा वसंता. यानं तुले कधी हात लावला नाही."

वसंतरावांचा चेहरा उतरला. "बाबायच्या समोर कसं उचलाव वं माय? त्यायले आवडलं असतं काय?"

"काहून नाही आवडलं असतं?" रुख्माबाईंनी पाय आवरून घेतले. "त्यायचा जीव तुटे तुह्यासाठी. पोरगं रडलं की मुद्दाम माग थांबवत, आता तरी वसंता उचलते का म्हणून वाट पाहत. तू आपला चपला घालून बाहेर. मग उचलत बिचारे. मले म्हणत, आपलाच पोरगा कवळा आहे, लग्नाची घाई केली आपण. त्याले अजून पोराची माया नाही लागली, तोवर आपण सांभाळू."

वसंतराव आईकडे बघतच राहिले. ते बाहेर जात होते ते बाबनरावांच्या देखत उचलायचं नाही म्हणून. बाबनराव उचलत होते ते हा बाहेर जातो म्हणून. एका खोलीत दोन माणसं वर्षानुवर्षं एकमेकांचा मान राखत बसली होती आणि मधल्या झोळीत पोर रडत होतं. एकदा, फक्त एकदा कोणी कोणाला विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? त्यांना आपल्या वडिलांचा राग आला, आईचा आला, आणि सगळ्यांत जास्त त्या मिशा न फुटलेल्या पोराचा आला.

"मलेबी तेच वाटे, भाऊ," प्रज्वल म्हणाला. त्याचं थोपटणं चालूच होतं.

"काय वाटे?"

"की तुमाले माही माया नाही लागली म्हणून."

इतक्या रविवारांचं वाक्य अखेर तोंडातून निघालं. "लागली होती गा. निरोप आला त्याच दिवशी लागली होती. तुले उचलाव असं रोज वाटे. मले लाज वाटत होती."

"कोणाची?"

"बाबायची."

प्रज्वल थांबला. पोरीची मान त्याने हाताने सावरली. आवाजात राग नव्हता, खरोखरच समजून घ्यायचं असावं तसं त्याने विचारलं, "पण बाबा गेले तेव्हा मी बारावीत होतो, भाऊ. त्याच्यानंतर कोणाची लाज होती?"

वसंतरावांनी आईकडे पाहिलं. ती खाली बघत होती. ते उत्तर शोधू लागले. बाबनराव गेल्यावर घरात थोरलं असं कोणी पुरुषमाणूस उरलं नव्हतं. माग बंद पडला होता. पोरगा संध्याकाळी त्याच खोलीत एकटा अभ्यासाला बसे आणि ते दोन-तीनदा दारापर्यंत जाऊन परत फिरले होते. इतक्या मोठ्या पोराला आता काय जवळ घ्यायचं, वेळ निघून गेली, असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं. तेव्हा ते सदतीस वर्षांचे होते. आज समोर उभ्या असलेल्या प्रज्वलपेक्षा वर्षाने लहानच. त्या वयाचा माणूस पहिल्यांदा बाप होऊ शकतो, हे त्यांना आता दिसत होतं.

"नाही सांगता येत गा," ते म्हणाले.

प्रज्वलने मान हलवली. पोरीला भूक लागली होती, म्हणून तो तिला अंजूकडे आत घेऊन गेला.