रघूच्या लॅपटॉपचा आवाज

सुरुवातीलाच सांगते, या सदरातले अनुभव मी आजवर जेवताना करमणूक म्हणून वाचत आले. घाटातली बाई, पिंपळाखालचा म्हातारा... वाचायचं, मैत्रिणीला फॉरवर्ड करायचं आणि दोघींनी हसायचं. त्यात माझं काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं. एखादा डेव्हलपर "अगं, आपोआप झालं" म्हणाला की माझं डोकं फिरतं. आपोआप काही होत नसतं, जा, लॉग बघ, म्हणजे मशीनने स्वतः ठेवलेली नोंद, म्हणून मी त्याला परत पाठवते. तेव्हा हे वाचून मलाच कुणी लॉग बघायला सांगणार असेल तर ते मी बघितलेत. त्यात काही नाही.

मी मूळची साताऱ्याची. नोकरीसाठी चेन्नईत आले, ऑफिस गिंडीला, आणि राहायला अण्णा नगरात एका घराच्या वरच्या मजल्यावर. खाली घरमालक, राव काका आणि काकू. तंजावरकडचे मराठी लोक, कित्येक पिढ्या इकडेच. पहिल्या दिवशी काकूंनी "तुज कॉफी पाहिजे कीं?" असं विचारलं तेव्हा मला वाटलं, चेष्टा चाललीय. शब्द माझ्या पणजीच्या वेळचे आणि चाल अस्सल तमिळ! पण महिन्याभरात त्या बोलण्याची इतकी सवय झाली की सातारला फोनवर मीच "बरं, बरं"च्या जागी "सरी, सरी" म्हणायला लागले.

त्यांचा एकुलता एक मुलगा रघू. चौतिशीतला, लग्न न केलेला, छोट्या-मोठ्या जाहिरातींचे आवाज एडिट करून द्यायचा. त्याला हवं ते सॉफ्टवेअर फक्त मॅकवर चालायचं, आणि मॅक घेण्याची ऐपत नव्हती. म्हणून या पठ्ठ्याने रिची स्ट्रीटच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून एक जुना, साधा विंडोजचा लॅपटॉप आणला. घरी आल्या आल्या त्यातलं विंडोज पुसून टाकलं आणि त्यावर मॅकची सिस्टिम बसवायला घेतली. याला हॅकिंटॉश म्हणतात. ज्या मशीनसाठी ती सिस्टिम बनलेलीच नाही, त्या मशीनवर ती गोडीगुलाबीने चालवायची. आज वायफाय चालतं तर टचपॅड रुसतो, टचपॅड मनवला तर स्क्रीन काळी. मी म्हणायचे, "रघू, एवढ्या वेळात जास्तीची कामं घेतली असतीस तर सेकंडहँड मॅक आला असता." तो हसायचा. "विकत घेतलं तर संपलं कीं, स्मिता. याला चालवून दाखवणं यांतच मजा."

आणि चालवलंही. सगळं चाललं. एक सोडून — आवाज.

आवाजाचं असं असतं की लॅपटॉपमध्ये जी ऑडिओची चिप असेल तिच्यासाठी एक नंबर द्यावा लागतो. बरोबर नंबर कुठला हे कुणी सांगू शकत नाही. एक द्यायचा, मशीन रीस्टार्ट करायचं, काही वाजतं का बघायचं, नाही वाजलं की पुढचा. रघूचं स्वतःचं काम यूएसबीच्या हेडफोनवर भागत होतं. पण काकूंना कानाच्या मशीनमुळे हेडफोन घालता यायचा नाही. आपण काय काम करतो ते अम्माने एकदा तरी ऐकावं, एवढीच त्याची हौस. "या डब्यांतूनच तुज ऐकवतों," असं त्याने काकूंना सांगून ठेवलं होतं.

मग रोज संध्याकाळी तोच कार्यक्रम. कॉफी झाली की रघू हॉलमधल्या टेबलावर लॅपटॉप उघडून नवा नंबर घालायचा. तपासायला त्याने एक क्लिप केली होती. घरातली देवाची पितळी घंटा, त्यानेच फोनवर रेकॉर्ड केलेली. आधी त्याचं घसा खाकरणं, मग घंटा, आणि तिचा नाद विरायच्या आत मध्येच कापलेला. क्लिप लावून तो स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडायचा, "अम्मा, ऐकूं आलं कीं?" काकू त्या वेळी भांडी विसळत असायच्या. त्याने लॅपटॉप उघडला की त्या नळ बंद करायच्या, म्हणजे ऐकू येईल. आणि आतून उत्तर यायचं, "नाहीं रे." पुन्हा नळ सुरू. जिन्यावरून येता-जाता मी हे इतक्या वेळा ऐकलं की मला ते पाठ झालं होतं.

गेल्या वर्षी रघूला ताप आला आणि आठवड्याभरात तो गेला. याहून जास्त मला लिहवत नाही. सकाळी पेपर आणून देणारा, माझी स्कूटी बंद पडली की किक मारून देणारा धडधाकट माणूस. हॉस्पिटलमधून काका एकटेच परत आले आणि चप्पल न काढता तसेच सोफ्यावर बसून राहिले. काय झालं ते काकूंना विचारावंही लागलं नाही.

नंतर किती तरी दिवस, सोबतीला खाली बसायचे तेव्हा, मी एक गोष्ट बघत होते. संध्याकाळी कॉफी झाली, काकू भांड्यांना लागल्या, की मध्येच नळ बंद व्हायचा. थोडा वेळ सगळं शांत. मग पुन्हा पाणी सुरू. काका पेपरमध्ये डोकं घालून बसायचे. मी मात्र तेवढ्या वेळात तिथून उठून वर जायचे, कारण ती शांतता माझ्याने ऐकवायची नाही.

घर दोघांना खायला उठायला लागलं तेव्हा काकांनी ठरवलं, चेन्नईच्याच उपनगरात, तांबरमला काकूंच्या बहिणीशेजारी जाऊन राहायचं. सामान बांधायला काढलं आणि काकू लॅपटॉप घेऊन जिना चढून माझ्याकडे आल्या. गुडघे दुखतात म्हणून त्या कधी वर येत नसत.

"मुली, तुज हें काम येतं कीं?"

मी म्हटलं, "काकू, ती घंटा मी तुम्हाला फोनवर ऐकवते ना. क्लिप काढून घेणं पाच मिनिटांचं काम आहे."

"फोनांत त्याचा आवाज पुष्कळ आहे मा," त्या म्हणाल्या. "मज तो नको. यांतून ऐकवतों म्हणटलं होतं त्यानं. हें घर सोडायच्या आधीं एकदां यांतून ऐकूं दे. त्याचं काम अर्धं राहूं नये."

मी हो म्हटलं. नाही कसं म्हणणार? ऑफिसमधून आले की रघूच्या जागी आता मी नंबर घालायला लागले. त्याने जुने नंबर कुठले वापरले ते ठाऊक नसल्यामुळे सगळं पहिल्यापासून. एकही वाजेना. मी हट्टाला पेटले होते, आणि रडूही येत होतं.

त्यातच टचपॅड वर उचलला गेलेला दिसला. बॅटरी फुगली होती. ते धोक्याचं, म्हणून एका रविवारी मी स्क्रू काढून खालचं झाकण उघडलं. बॅटरी काढली, बाजूला ठेवली, आणि सहज कडेला बघितलं... दोन्ही कोपऱ्यांत स्पीकर बसवायचे खळगे रिकामे. वायर नाही, स्पीकर नाही, आत नुसती धूळ. लॅपटॉप जुना घेतलेला. आधीच्या कुणी तरी स्पीकर काढून घेतले असणार.

तुम्हाला कळतंय ना? रघू महिनोन्‌महिने नंबर शोधत होता आणि आत वाजायला काही नव्हतंच. त्याने झाकण उघडून बघितलंच नाही. मीही बघितलं नव्हतं. आम्ही सॉफ्टवेअरची माणसं, काही बिघडलं तर आमच्या मते ते सेटिंगमध्येच बिघडलेलं असतं. मी जमिनीवर बसून रडले. त्याचा पहिलाच नंबर कदाचित बरोबर असेल, कुणास ठाऊक.

काकूंना हे सांगणं माझ्या जिवावर आलं. काकांना मात्र बाजूला घेऊन सांगितलं. त्यांनी आत डोकावून ते खळगे स्वतः पाहिले. "तिज सांगूं नको," एवढंच म्हणाले. मग मी ठरवलं की गुपचूप नवे स्पीकर बसवायचे. त्या मॉडेलचे ऑनलाइन मागवले. ते यायचे होते, तोवर सेटिंग साफ करून ठेवावं म्हणून ऑडिओचं सगळंच पुसून टाकलं. त्यामुळे आवाजाच्या जागी स्क्रीनवर सरळ येत होतं, आउटपुट डिव्हाइस सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला सुट्टी घेतली होती. संध्याकाळी खाली हॉलमध्ये, चांगला उजेड असताना, लॅपटॉप बॅटरीशिवाय नुसत्या चार्जरवर चालतो का एवढंच बघायला मी तो टेबलावर ठेवला. काका समोर वर्तमानपत्र दोऱ्याने बांधत होते. काकू आत भांडी विसळत होत्या. सिस्टिम नीट सुरू झाली. डेस्कटॉपवर ती क्लिप होती. वाजणार नाही हे मला पक्कं माहीत होतं, तरी मी तिच्यावर क्लिक केलं. का केलं ते विचारू नका, हाताची सवय.

नळ बंद झाला.

आणि लॅपटॉपमधून घसा खाकरल्याचा आवाज आला. मग घंटा. स्वच्छ, जवळून. आणि नाद चालू असतानाच मध्येच कापल्यासारखी बंद.

काकांच्या हातातला दोरा तसाच राहिला. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत होतो. आणि तेवढ्यात आतून काकूंचा आवाज आला, रोजच्याच सुरात, जरा वैतागलेला, जरा लाडाचा —

"आलं रे, आलं. ऐकूं आलं."

पुन्हा पाणी सुरू झालं. त्यांनी उरलेली भांडी विसळली, पालथी घातली, पदराला हात पुसत बाहेर आल्या. रडत नव्हत्या. मला म्हणाल्या, "चांगलं केलंस मुली."

काकांनी हळूच विचारलं, "तुज कोणी विचारलं म्हणून उत्तर दिलंस?"

"त्यानं विचारलं कीं," काकू म्हणाल्या. "रोज विचारतो तसंच. तुम्हांस ऐकूं नाहीं आलं?"

आम्हाला ते ऐकू आलं नव्हतं. आम्हाला खाकरणं आणि घंटा, एवढंच. मग मात्र काका उठून बाथरूममध्ये गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

मी काय काय तपासलं ते सांगते, म्हणजे तुमचे प्रश्न वाचतील. माझा फोन वर चार्जिंगला होता. काकांचा साधा, बटणांचा. ब्लूटूथ त्या मशीनवर रघूला कधी जमलंच नव्हतं. हेडफोन सामानात बांधलेले. देवाची घंटा तर आदल्या दिवशीच तांबरमला गेली होती. स्क्रीनवर अजूनही तेच, डिव्हाइस सापडलं नाही. मी त्याच दिवशी पुन्हा झाकण उघडलं. खळगे रिकामेच. नंतर क्लिप कितीदा तरी लावली, एकदाही वाजली नाही. ऑफिसमधल्या एका मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, एखाद्या सुट्या भागातून बारीक कंपनं येऊ शकतात. येऊ शकत असतील. पण त्यात माणसाचं खाकरणं ओळखू येत नाही हो. आणि रघूचं खाकरणं मी ओळखते.

काकूंनी उत्तर कुणाला दिलं, त्याबद्दल मी तर्क करत नाही. तो त्यांचा मुलगा होता.

स्पीकरचं पार्सल आलं, मी ते फोडलंच नाही. काकूंना विचारलं होतं, पुन्हा लावून देऊ का? "ऐकलं कीं," त्या म्हणाल्या, "त्याचं काम झालं." लॅपटॉप आता तांबरमच्या घरी कपाटात आहे.

मागच्या रविवारी तिकडे जेवायला गेले होते. कॉफीनंतर काकू भांडी घेऊन आत गेल्या. मी नळाकडे कान लावून बसले, काकाही पेपर खाली ठेवून बसले. पाणी वाहत राहिलं. भांडी संपेपर्यंत काकूंनी एकदाही नळ बंद केला नाही.