खिडकीकाका आणि माझी दोन पत्रं

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतकं उघड्या खिडकीवर प्रेम करणारा माणूस अख्ख्या नेरूळमध्ये नव्हता, आणि त्याच माणसाला शाळेच्या फाटकाबाहेर काढणारं पत्र मी लिहिलं. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढे मी त्यांच्या गमती सांगत बसेन आणि स्वतःचं तेवढं झाकून ठेवीन. ती सवय मला आहे.

काका मुंबईतल्या एका क्षयरोगाच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. निवृत्त होऊन इथे आले ते दोन निष्ठा घेऊन, एक हवेवरची आणि दुसरी साबणावरची. कुणाच्याही घरी गेले की "बसा" म्हणायच्या आत ते खिडकी उघडत. पिशवीत अगरबत्तीचा पुडा कायम. खोलीच्या मधोमध एक पेटवायची, धूर कुठे जातो ते बघायचं आणि निकाल द्यायचा, "धूर अडकला तिथं खोकला अडकला." सोसायटीच्या सत्यनारायणाला सगळे हात जोडून कथा ऐकत होते, तेव्हा हे देवापुढच्या अगरबत्तीकडे एकटक बघत होते. शेजारणीला वाटलं, केवढी भक्ती! तेवढ्यात काका पुटपुटले, "भटजींच्या मागची खिडकी उघडा, गुदमरतायत बिचारे." काकू म्हणायच्या, "लग्नात अंतरपाट धरला होता ना, तेव्हासुद्धा म्हणाले, हवा अडतेय."

सुरतेकडून प्लेगची बातमी आली, त्या वर्षी सगळ्यांनीच नाकाला रुमाल बांधले. शाळा आठवडाभर बंद राहून उघडली, तेव्हा मोठ्या बाईंनी खबरदारी म्हणून खाडीकडच्या सगळ्या खिडक्या खिळे ठोकून बंद केल्या आणि काचांवर वर्तमानपत्रं चिकटवली. साथ आत शिरायला नको! त्या बाजूच्या पाचवीच्या वर्गात पन्नास मुलं होती. त्यात माझी मुलगीही होती. ती घरी येऊन खोकायला लागली आणि काका पेटले. "साथ काय खाडीतून पोहत येणार आहे? ती शेजारच्या बाकावरून येते! पन्नास पोरं एकमेकांच्या तोंडातली हवा खातायत."

मग रोज सकाळी काका शाळेत. एकच मागणी, खिळे काढा आणि नळाला साबण द्या. साबण पोरं पळवतात, असं बाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी शाळेच्या प्रत्येक नळाला काकांचा एकेक मोजा लोंबत होता, आत साबणाची वडी. शाळा बघायला आलेले शिक्षण खात्याचे साहेब त्या तपकिरी मोज्यांकडे बघत हात न धुताच परतले. तिसऱ्या दिवशी काकांनी भर गणिताच्या तासाला वर्गात अगरबत्ती पेटवली. मुलांनी आरती सुरू केली.

मोठ्या बाईंनी मला बोलावलं. मी पालक संघाचा चिटणीस. "तुमच्यासारखं पत्र कुणाला लिहिता येत नाही हो," त्या म्हणाल्या. मी ऑफिसात जन्मभर मसुदेच लिहिले. माझं कौतुक तोवर कुणी केलं नव्हतं. तिथेच बसून लिहिलं: "सदर गृहस्थांच्या वर्तनामुळे शाळेची शिस्त धोक्यात आली असून, त्यांस प्रवेश देऊ नये, अशी पालक संघाची विनंती आहे." संघाला मी विचारलंही नव्हतं. घरी पोर खोकत होती आणि मला 'वर्तनामुळे' हा शब्द आवडला होता.

दुसऱ्या दिवशी शिपायाने काकांना फाटकावर अडवलं. "काका, मना वाईट वाटतं, पन तुमाला आत सोडाचा नाय, असा हुकूम हाय." बाईंनी दिलेली पत्राची नक्कल घेऊन काका संध्याकाळी थेट माझ्याकडे. मी खुर्चीवरून अर्धवट उठलो. ते म्हणाले, "बस. पालक संघाचं पत्र आलंय. याला उत्तर लिहून दे. माझं मराठी म्हणजे औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी."

मी लिहिलं. स्वतःच्याच पत्राचा मुद्द्यामुद्द्याने फडशा पाडला. पहिल्या पत्रातली कच्ची वीट कुठे आहे ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? काका मात्र मन लावून ऐकत होते. "अजून कडक. ज्यानं लिहिलं त्याला झोंबलं पाहिजे."

काका पुढे मुलाकडे साताऱ्याला गेले. वरच्या त्यांच्या घरात आता दुसरे लोक राहतात, एसी आहे आणि खिडक्या बारा महिने बंद. वर बघितलं की मला ती शनिवारची सभा आठवते, या दोन पत्रांचा निकाल लावायला बाईंनी बोलावलेली पालकांची सभा.

सभा त्याच पाचवीच्या वर्गात होती. काकांना प्रवेश नव्हता, म्हणून ते बाहेर, खाडीकडच्या रस्त्यावरून बंद खिडकीला नाक लावून उभे होते. वर्तमानपत्राच्या फाटक्या भागातून त्यांचा एकच डोळा दिसत होता. बाईंनी दोन्ही पत्रं वाचली आणि मला विचारलं, "चिटणीस, संघ आपल्या पत्रावर ठाम आहे ना?"

मी उठलो. "ते पत्र संघाचं नाही. माझं एकट्याचं आहे. मागे घेतो. खिळे काढा."

मागच्या बाकावरून एक आई म्हणाली, "काढाच! माझापण पोरगा खोकतोय." मग सगळेच बोलायला लागले. शिपाई तर पक्कड खिशात घेऊनच आला होता. करकरत खिडकी उघडली. गजांपलीकडे काका होते.

"काका, चुकलो. ते पत्र मी..." मी पुटपुटलो.

"ठाऊक आहे रे. मला 'सदर गृहस्थ' म्हणणारा बिल्डिंगमध्ये दुसरा कोण आहे?" गजातून हात घालून त्यांनी पेटलेली अगरबत्ती माझ्या हातात दिली. धूर सरळ मागच्या भिंतीकडे निघाला. "हवा पोचली मागच्या बाकापर्यंत. आता पुटपुटू नकोस, आवाजही पोचू दे."

अगरबत्ती हातात धरून मी मुलांसारखा ताठ उभा राहिलो आणि मोठ्याने म्हणालो, "काका, माझं चुकलं."