वाढणारीचं पान

तीस वर्षं शाळेत मुलांचे निबंध तपासले, पण स्वतःसाठी म्हणून एक ओळही लिहिली नाही. निवृत्तीनंतर धीर करून हा प्रसंग मांडते आहे. त्यात मी केलं ते इतकंच, की एकदा खाली बसले.

माझ्या मुलीने जर्मनीत तिथल्याच मुलाशी लग्न केलं, आम्हा आईवडिलांना कळवून, पण दादांना न विचारता. दादा म्हणजे माझे सासरे. निर्मळ गावातल्या आमच्या वाडीत त्यांच्या शब्दाशिवाय केळीचा घडही उतरत नाही. दोन वर्षं ते नातीशी बोलले नाहीत. गेल्या हिवाळ्यात ती दोघं यायची म्हणाली, तेव्हा दादा मला एवढंच म्हणाले, "येऊ दे. जेवायला बसू." ते जावयाबरोबर जेवले म्हणजे लग्न मान्य झालं, हे आमच्या घरात वेगळं सांगावं लागत नाही. पानावरून उठले असते, तर तेही सांगावं लागलं नसतं.

टेबलावर चार पानं मांडली: दादा, माझे पती, मुलगी आणि जावई. वालाचं बिरडं, केळफुलाची भाजी, तळलेलं पापलेट. वाढून झालं आणि मी भाताचं पातेलं घेऊन नेहमीप्रमाणे दादांच्या खुर्चीमागे उभी राहिले. कोणीच हात लावीना. जावई माझ्याकडे पाहत होता, दादा जावयाकडे, आणि माझे पती पापलेटाकडे.

"आई, बस ना," मुलगी हळूच म्हणाली. "तू बसल्याशिवाय तो सुरुवात करणार नाही. त्यांच्याकडे तसंच असतं."

"त्याला सांग, आपल्याकडे नसतं."

"दोनदा सांगितलं. म्हणतो, उभ्या माणसासमोर मी कसा जेवू?"

दादांनी मान न वळवता मला विचारलं, "काय म्हणतो तो?"

मी सांगितलं.

"आणि जावयाच्या आधी मी घास घेऊ? पाहुणा तो!"

"मासे गार होतायत," माझे पती पुटपुटले.

दादा आणि जावई, दोघांपैकी कोणीही उर्मट नव्हतं. जावयाच्या देशात आदर म्हणजे सगळ्यांनी एका वेळी बसणं. आमच्यात आदराला क्रम असतो, आणि क्रम आला की कोणीतरी शेवटचं असतंच. ती शेवटची जागा मला कधी अपमानाची वाटली नव्हती. वर्गात मी समतेचा धडा मनापासून शिकवत असे आणि घरी येऊन मनापासूनच उभी राहत असे. या दोहोंचा मेळ घालून पाहावा, असं कधी सुचलंच नाही.

दादांनी पुढ्यातलं ताट किंचित लोटलं आणि दोन्ही हात टेबलाच्या कडेवर टेकले. उठताना ते असेच हात टेकतात. मुलीच्या चेहऱ्याकडे मला पाहवेना.

मी पातेलं टेबलाच्या मधोमध ठेवलं आणि रिकाम्या खुर्चीवर बसले. पुढ्यात ताट नव्हतं. दादांना विचारलंही नव्हतं. लग्न होऊन या घरात आल्यापासून, त्यांना न विचारता त्यांच्यासमोर मी असं काहीच केलं नव्हतं.

जावयाने भाताचा पहिला घास घेतला. दादांनी माझ्याकडे पाहिलं, मग ताट जवळ ओढलं.

दोन-चार घास झाल्यावर ते म्हणाले, "तुझ्या सासूला कुठला मासा आवडायचा गं?"

माझ्या सासूबाईंना जाऊन सहा वर्षं झाली होती. त्याआधी वीस वर्षं आम्ही दोघी एका स्वयंपाकघरात वावरलो होतो.

"ठाऊक नाही, दादा. त्या मागाहून बसायच्या. उरेल ते घ्यायच्या."

दादा नुसता भात कालवत राहिले. मग मान वर न करता, दोन वर्षांत प्रथमच, ते नातीशी बोलले:

"त्याला मासा वाढ आणखी. काटे काढून दे, नाहीतर घशात अडकवून घेईल."