उतरणीला लागलेला आकडा

"चढलेलं उतरतंच, साहेब!" असं म्हणून मामा उजवा हात डोक्यावर उंच न्यायचे आणि हळूहळू गुडघ्यापर्यंत खाली आणायचे. मग तो झेंडूचा भाव असो, गोदावरीचा पूर असो की मामींचा राग. तुमच्याही बाजारात असा एखादा असेलच.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी द्वारका चौकाजवळच्या एका छोट्या हॉस्पिटलात रक्त तपासायचो. आमच्या दारातल्या गणपतीला रोज हार असायचा तो या मळेवाल्या मामांचा.

दसरा तोंडावर आला होता. एका सकाळी हार देतादेताच मामा छाती धरून खाली बसले. मी लगेच रक्त घेतलं. रिपोर्ट नॉर्मल.

"बघा! पित्त हाय नुसतं," म्हणत ते उठायला लागले.

डॉक्टरांनी त्यांना खांद्याला धरून निजवलं. हार्ट अटॅकमध्ये हृदयाचं मांस मरतं, पण त्यातलं एन्झाइम रक्तात पाझरायला काही तास जातात. रक्त उशिरा बोलतं. आणि बोललंच. दुपारी आकडा चढला. दुसऱ्या सकाळी तर असा चढला, की मशीन बिघडलं समजून मी पुन्हा तपासलं. मशीन ठीक होतं.

मग आकडा घसरू लागला. मी वॉर्डात सांगितलं, "उतरतोय." मामींनी तेवढंच ऐकलं. मीठ-मोहऱ्या ओवाळून त्यांनी मामांची दृष्ट काढलीच होती. ताप उतरतो, विष उतरतं, दृष्ट उतरते, मग हेही उतरलंच की! मामांनी सदरा मागितला.

"झेंडू तोडणीला आलाय. आता मला काय झालंय?"

"मामा, पाझरायचं ते पाझरून गेलं म्हणून आकडा कमी झाला," मी म्हणालो. "जखम तशीच आहे. पूर ओसरल्यावर लगेच बांधावर पाय देता का तुम्ही?"

मामा थांबले. "नाय. आतून भुसभुशीत असतो. माणसासकट खचतो."

आणि त्यांचा चेहरा एकदम पांढरा पडला. अख्ख्या बाजाराला हसवणारा हा गडी तेव्हापासून श्वासही बेतानं घेऊ लागला. कूस बदलायची तरी मामींना विचारायचे, "वळू का गं?" त्यांना तसं बघून मलाच धडकी भरायची.

पुढच्या सकाळी रक्त घ्यायला गेलो.

"कसं वाटतंय?"

"लय झाक. दसऱ्याला घरी सोडा तेवढं."

खाली येऊन तपासलं. उतरणीला लागलेला आकडा पुन्हा चढला होता. म्हणजे पहाटे कधीतरी दुसरा झटका येऊन गेला होता, आणि घरी सोडणार नाहीत या भीतीनं मामांनी तो गिळला होता.

कागद घेऊन मी जिन्याकडे पळालो. समोरून मामी थर्मास घेऊन उतरत होत्या. "त्यांना चहाची तल्लफ आलीय," हसून म्हणाल्या.

वर पोचलो तेव्हा डॉक्टर दोन्ही हातांनी मामांची छाती दाबत होते. बराच वेळ दाबत राहिले. मग थांबले.

खालच्या टपरीवर मामी चहात साखर कमी टाकायला सांगत होत्या. त्यांचा आवाज खिडकीतून वर येत होता.