पडद्याला वारा सोसत नाही
नात नखांचं पॉलिश पुसत होती, त्या अ‍ॅसिटोनच्या वासासरशी मला धुळ्यातल्या आमच्या कॉलेजची नव्वदीतली मे महिन्याची एक दुपार आठवली. मी मराठी शिकवणारा. पाहुण्यांचं स्वागत करण्यापुरता प्रयोगशाळेत आलो होतो. रसायनशास्त्राच्या बाईंनी कापसापासून केलेलं सेल्युलोज अ‍ॅसिटेट अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून त्यात सिलिकाची अतिसूक्ष्म पूड घोटली होती. ते काचेवर पसरून पाणी गाळणारा पडदा करायचा होता. पूड संपली होती, त्यामुळे संधी ही एकच. बाईंनी मिश्रण पसरलं आणि कोट घातलेल्या प्रमुख पाहुण्यांच्या सन्मानार्थ प्राचार्यांनी पंखा पूर्ण वेगाने सोडला. बाईंचा चेहरा उतरला, पण प्राचार्यांना सांगणार कोण? प्रयोगशाळेचे म्हातारे शिपाई, आबा, पुढे झाले. "साहेब, वारा लागना ते हाऊ पडदा पापडना मायक तडकी जाई," असं अहिराणीत म्हणत त्यांनी बटण बंद केलं. "आबा, पाहुण्यांना घाम येतोय!" प्राचार्य कुजबुजले. "घाम पुसता येस, पडदा सांधता येत नही." बाईंनी काच बर्फाच्या पाण्यात बुडवली, तसा दुधी पडदा अलगद सुटला. तो नळीत बसवून वर पांझरा नदीचं गढूळ पाणी ओतलं आणि हातपंपाने दाब दिला. पाहुणे कोट काढून चक्क जमिनीवर उकिडवे बसले, मग आम्हीही. बऱ्याच वेळाने खाली एक नितळ थेंब लोंबला आणि पडला. पाहुण्यांचं ठरलेलं भाषण कोणालाच आठवलं नाही. छिद्र एकही दिसत नसताना पाण्याला वाट कुठून मिळाली, हे बाईंनी मला दोनदा समजावलं, तरी अजून कळलेलं नाही. आबांना विचारायला हवं होतं.